तळणी वेगळी, टेबल एकच: डिस्ने वर्ल्डमधलं ग्लुटेनमुक्त खाणं

शनिवार: विमान, महामार्ग, सुपरमार्केट

माझ्या लेकाला सीलिअ‍ॅक आहे. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की त्याची रोगप्रतिकारशक्ती त्याच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. ग्लुटेन आयुष्यभर बंद ठेवणं एवढाच त्यावर उपाय आहे. ताईच्या लेकीचं दुखणं वेगळं. तिला शेंगदाणा, काजू आणि पिस्त्याची अ‍ॅलर्जी आहे. काजू आणि पिस्ता एकाच कुळातले, त्यामुळे एकाची अ‍ॅलर्जी असली की बहुधा दुसऱ्याचीही असते. चुकून खाल्लं तर काही मिनिटांत तिचे ओठ सुजतात, घसा आवळल्यासारखा होतो आणि मांडीत एपिनेफ्रिनचं, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचं, इंजेक्शन द्यावं लागतं.

या दोघांना घेऊन फ्लोरिडात, ओरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलं. राइड्सची यादी भावजींनी मुलांकडे सोपवली, जेवणाची मी आणि ताईनं घेतली. टेबलवर बसून जेवायच्या ठिकाणांचं आरक्षण तिथे ६० दिवस आधी उघडतं. आरक्षण करतानाच कोणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते नोंदवता येतं. ती नोंद केली की वाढणाऱ्या माणसाच्या हातात आपण पोचण्याआधीच माहिती असते. तरीही टेबलवर बसल्यावर ते पुन्हा विचारतात, आणि तसं विचारावंच.

विमानात लेकासाठी सांगितलेलं ग्लुटेनमुक्त जेवण चढवलंच गेलं नव्हतं. हवाई सुंदरीनं मनापासून माफी मागितली, फळांची वाटी आणून दिली. बाकी भूक आमच्या डब्यानं भागवली. ज्यांच्या घरात सीलिअ‍ॅक आहे त्यांना हे सांगायची गरज नाही, पण नव्यानं निदान झालेल्यांसाठी लिहिते: प्रवासात एका पूर्ण जेवणाइतकं खाणं आपल्या पिशवीत असलंच पाहिजे, कोणी काहीही कबूल केलेलं असो.

विमानतळावरून हॉटेलकडे जाताना महामार्गावरच्या एका उपाहारगृहात थांबलो. मेनूवर ग्लुटेन-फ्री पास्ता ठळक अक्षरांत होता. वाढणाऱ्या बाईंना मी विचारलं, "पास्ता वेगळा आहे हे कळलं. तो उकळता कशात?" त्या क्षणभर थांबल्या आणि आत विचारून आल्या. पाणी एकच होतं. दिवसभर ज्या पाण्यात गव्हाचा पास्ता शिजत होता त्याच पाण्यात हाही शिजणार होता. त्यांनी खरं सांगितलं म्हणून मी त्यांचे आभार मानले. लेकानं भाजलेला बटाटा आणि उकडलेली अंडी खाल्ली.

पुढे सुपरमार्केट. तिथे आम्ही बराच वेळ काढला आणि तो सत्कारणी लागला. अमेरिकेत २००४ साली झालेल्या कायद्यानं आठ मुख्य अ‍ॅलर्जिकारक पदार्थ वेष्टनावर स्पष्ट लिहिणं बंधनकारक झालं. तो लागू झाला २००६ पासून, आणि २०२३ पासून तीळ हा नववा पदार्थ त्यात आला. भाचीसाठी ही यादी पुरते, कारण शेंगदाणा आणि काजू-पिस्ता दोन्ही त्यात आहेत. लेकासाठी मात्र ती अपुरी पडते. यादीत गहू आहे, बार्ली नाही. तांदळाच्या कुरकुरीत सीरियलच्या एका खोक्यावर गव्हाचं नाव कुठेच नव्हतं, पण घटकांच्या ओळीत बारीक अक्षरांत बार्लीचं माल्ट लिहिलेलं होतं. ते खोकं परत फळीवर गेलं. ज्या वेष्टनावर ग्लुटेन-फ्री असं लिहिलेलं असतं, त्यात दहा लाख भागांत २० भागांपेक्षा कमी ग्लुटेन असलं पाहिजे असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा २०१३ सालचा नियम आहे. आम्ही त्याच दोन शब्दांच्या मागे लागून ब्रेड, क्रॅकर्स आणि खारे प्रेट्झेल घेतले. बाकी केळी, सफरचंदं, दही.

रविवार: मॅजिक किंगडम

डिस्नेच्या पार्कांत बाहेरचं खाणं नेता येतं हे पुष्कळांना माहीत नसतं. काचेची बाटली किंवा बरणी चालत नाही (लहान बाळाच्या खाण्याची छोटी बरणी चालते). सुटा बर्फ आणि कोरडा बर्फ चालत नाही, पण गोठवलेले जेलचे पॅक चालतात. तपासणीच्या वेळी डबा पिशवीतून बाहेर काढून दाखवला की काम झालं. काउंटरवर मागितलं तर थंड पाण्याचा पेला फुकट मिळतो.

मॅजिक किंगडम हे इथलं सगळ्यांत जुनं पार्क, १ ऑक्टोबर १९७१ ला सुरू झालेलं. मेन स्ट्रीटच्या टोकाशी, किल्ल्याच्या अलीकडे, 'क्रिस्टल पॅलेस' नावाचं पांढरंशुभ्र, काचेच्या छताचं उपाहारगृह आहे. तिथे सकाळचा बुफे होता. मला बुफेची भीती वाटते. भांडी स्वच्छ असतात, पदार्थही चांगले असतात, पण चिमटे पाहुण्यांच्या हातात असतात. कोणीतरी पॅनकेक उचललेला चिमटा तसाच बटाट्यांच्या परातीत ठेवतो आणि पुढच्याला ते कळतही नाही.

आम्ही बसलो तेव्हा वाढणाऱ्या मुलीनं विचारलं, "अ‍ॅलर्जीसाठी शेफना बोलवू का?" मी हो म्हटलं. उंच टोपी घातलेले शेफ आले, दोन्ही मुलांशी हात मिळवला आणि म्हणाले, "चला, आधी माझ्याबरोबर एक फेरी मारा." मग त्यांनी बुफेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक परातीसमोर थांबून सांगितलं, यात काय आहे, हे कोणाला चालेल, हे कोणाला नाही. मी अंड्याच्या भुर्जीबद्दल खोदून विचारलं. काही ठिकाणी अंडी फुगून यावीत म्हणून त्यात पॅनकेकचं पीठ मिसळतात, आणि खाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यांनी माझा प्रश्न पूर्ण ऐकून घेतला आणि घटक सांगितले.

फेरी संपल्यावर ते लेकाला म्हणाले, "यातलं तुला जे आवडलं ते मला सांग. परातीतून घेऊ नकोस, मी आतून ताजं आणतो." थोड्या वेळानं ते स्वतः ताट घेऊन आले. अंडी, बटाटे आणि मिकीच्या आकाराचे ग्लुटेनमुक्त वॉफल. वॉफलच्या कडा कुरकुरीत, मिकीच्या दोन्ही कानांत पाक साचलेला. लेकानं आधी एक कान तोडला, मग दुसरा, आणि तोंडातला घास संपायच्या आत भाचीला म्हणाला, "तुझ्यासारखाच आहे बघ." वेगळ्या ताटात, वेगळ्या वेळी, वेगळं काहीतरी खायची त्याला सवय झालेली आहे. सगळ्यांबरोबर त्याच वेळी तेच खाणं त्याच्या वाट्याला फार क्वचित येतं.

दुपारी टुमारोलँडमधल्या 'कॉस्मिक रेज स्टारलाइट कॅफे'त बर्गर. इथे काउंटरवर रांग लावण्यापेक्षा फोनवरच्या 'माय डिस्ने एक्सपीरियन्स' अ‍ॅपमधून मागवणं सोयीचं. मेनू उघडला की खाली अ‍ॅलर्जी-फ्रेंडली असा वेगळा भाग दिसतो. त्यात एकेका अ‍ॅलर्जीप्रमाणे पदार्थ लावलेले असतात. तिथून निवडलं की ऑर्डरच्या चिठ्ठीवर तशी खूण जाते आणि आतली माणसं तो पदार्थ वेगळा हाताळतात. नेहमीच्या मेनूतून बर्गर निवडून 'बन नको' असं करू नये. त्यानं बन जाईल, पण खूण लागणार नाही, आणि तव्यावरून, हातमोज्यांवरून ग्लुटेन यायचं ते येईलच.

फ्रेंच फ्राइजचं तर सगळीकडे विचारावंच लागतं. बटाट्यात ग्लुटेन नसतं. पण त्याच कढईत पिठात घोळवलेले चिकनचे तुकडे तळले असतील तर ते तेल लेकासाठी बाद. तापलेल्या तेलात ग्लुटेन जळून जातं असा पुष्कळांचा समज असतो, शिकल्यासवरल्या माणसांचाही. तसं होत नाही. ग्लुटेन हे प्रथिन आहे आणि तळणाच्या उष्णतेनं त्याचा उपद्रव संपत नाही. शेंगदाण्याच्या प्रथिनाचंही तेच. म्हणून मी काउंटरवर जाऊन विचारलं, "यांच्यासाठीची तळणी वेगळी आहे ना?" हो म्हटल्यावरच ट्रे उचलला. एका ठिकाणी वेगळी असली म्हणून शेजारच्या ठिकाणीही असेल असं धरून चालू नये. प्रत्येक स्वयंपाकघराची सोय निराळी असते.

संध्याकाळी 'अलोहा आइल'मधलं डोल व्हिप, म्हणजे अननसाचं मऊ, आइस्क्रीमसारखं गोठवलेलं खाणं. ग्लुटेन नाही, दूधही नाही. कोनात नाही, कपात घ्यायचं. कपाला हात लावण्याआधी भाचीनं आपण होऊन काउंटरवर शेंगदाण्याचं आणि काजूचं विचारलं. ताई मागे उभी होती, मध्ये बोलली नाही.

सोमवार: अ‍ॅनिमल किंगडम

सकाळी सफारी. जिराफ रस्त्यातच उभे राहिले, आमची गाडी थांबली, पुढचा वेळ मुलं गप्प होती.

फ्लोरिडाचं ऊन ऑक्टोबरातही चांगलंच तापतं. एपिनेफ्रिनची पेनं, म्हणजे पेनासारखी इंजेक्शनं, साधारण २० ते २५ अंशांत ठेवायची असतात, त्यामुळे ती गाडीत सोडता येत नाहीत आणि बर्फाच्या पॅकला चिकटवूनही ठेवता येत नाहीत. ताई ती उष्णतारोधक छोट्या पाकिटात, कंबरेच्या पट्ट्याला लावून वागवते. कायम दोन, कारण कधीकधी एका मात्रेनं भागत नाही. भाची जिथे जाईल तिथे पट्टा जातो. राइडच्या रांगेत भाची भावजींबरोबर गेली की पट्टा भावजींच्या कंबरेला. प्रत्येक पार्कात फर्स्ट एडचं केंद्र आहे. ते कुठे आहे हे आत शिरल्याबरोबर नकाशात बघून ठेवायचं हा ताईचा शिरस्ता मला फार पटला.

दुपारी पँडोरामधलं 'सातुली कँटीन'. पँडोरा हा 'अवतार' सिनेमावर बेतलेला भाग २०१७ साली उघडला. ग्लुटेन टाळणाऱ्यांना कुठल्याही पार्कातलं एकच काउंटर सुचवायचं झालं तर मी हे सुचवीन. इथलं जेवण वाडग्यांचं आहे. खाली भात आणि घेवड्याचे दाणे किंवा बटाटे, वर भाजलेलं चिकन, त्यावर सॉस. पीठ मुळातच कमी आहे, त्यामुळे 'यातून हे काढा, ते काढा' असं करत बसावं लागत नाही. मोठ्या माणसालाही तिथे काही सोडून दिल्यासारखं वाटत नाही. चीझबर्गरच्या वाफवलेल्या पावासारखा एक पदार्थ आहे तेवढा गव्हाचा, तो लांब ठेवायचा.

रात्री 'सनाआ'. हे पार्काच्या आत नाही. अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किडानी व्हिलेजमध्ये आहे. पदार्थ आफ्रिकी, पण चवीत भारत भरपूर. मोठ्या खिडक्यांबाहेर मोकळं कुरण आणि त्यात चरणारे झेब्रे. इथल्या ब्रेड सर्व्हिसचं नाव फार ऐकलं होतं. नानसारखे ब्रेड आणि सोबत चटण्या, लोणची, रायतं यांच्या वाट्या. ग्लुटेनमुक्त ब्रेडही मिळतो.

आपल्या चवीचं जेवण म्हटलं की आपण निर्धास्त होतो. मला तिथेच जास्त सावध राहावंसं वाटतं. आपल्या मसाल्यांत हिंग असतो, आणि बाजारात डबीत मिळणाऱ्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, कारण शुद्ध हिंग फार उग्र आणि महाग. ग्लुटेन टाळणाऱ्या कितीतरी घरांत भाकरी, भात, वरण सगळं सांभाळून होतं आणि फोडणीतून ग्लुटेन जात राहतं. भाचीची अडचण दुसरी. उत्तरेकडच्या घट्ट रश्शांत काजूची पेस्ट घालतात, ती डोळ्यांना दिसत नाही आणि चवीलाही सहसा कळत नाही.

शेफ आल्या तेव्हा मी हिंगाचं विचारलं आणि ताईनं काजूचं. त्यांना दोन्ही प्रश्न नवे नव्हते. "अंदाजानं सांगत नाही, डबे बघून येते," म्हणाल्या. आत जाऊन लेबलं वाचून परतल्या, हातात एक कागद होता, दोघा मुलांसाठी दोन रकाने केलेला. चालणाऱ्या वाट्यांपुढे खूण, न चालणाऱ्यांवर काट. मुलांच्या वाट्या वेगळ्या थाळ्यांत आल्या, मोठ्यांच्या वेगळ्या. "मोठ्यांनी आपला ब्रेड मुलांच्या वाटीत बुडवायचा नाही," एवढं त्या हसत पण नीट बजावून गेल्या. भावजींनी लगेच आपली थाळी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली. चिंचेची चटणी आणि ग्लुटेनमुक्त ब्रेड लेकानं इतक्या चवीनं खाल्ला की दुसरा मागवावा लागला.

मंगळवार: हॉटेल

पार्काला सुट्टी, पाय दुखत होते. सकाळी हॉटेलच्या फूड कोर्टमध्ये पुन्हा मिकीचे वॉफल, लेकाच्या आग्रहाखातर. वॉफलचा साचा वेगळा आहे का, हे तिथेही विचारलंच. ओट्सची लापशी होती, ती आम्ही घेतली नाही. ओट्समध्ये मुळात गव्हाचं ग्लुटेन नसतं, पण शेतात आणि गिरणीत त्यात गहू-बार्ली मिसळते, म्हणून ग्लुटेन-फ्री असं लिहिलेले ओट्सच घ्यायचे असतात. दुपारभर पोहणं, रात्री खोलीतल्या मायक्रोवेव्हमध्ये तयार भात, कॅनमधला राजमा, दही. सगळ्यांना बरं वाटलं.

बुधवार: एपकॉट

एपकॉटच्या तळ्याभोवती मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन आणि कॅनडा अशा अकरा देशांची दालनं आहेत. सगळं फिरायला साधारण दोन किलोमीटर चालणं. ऑक्टोबरात इथे खाद्यमहोत्सव असतो. तळ्याकाठी छोटे छोटे ठेले लागतात आणि माहितीपुस्तिकेत ग्लुटेन नसलेल्या पदार्थांसमोर खूण असते. पदार्थ मोहात पाडणारे होते. आम्ही प्रत्येक ठेल्यावर आधी आत नजर टाकली. ओटा केवढा आहे, शेजारीच ब्रेड कापतायत का, एकच माणूस सगळं हाताळतोय का. जागा लहान असली की वेगळं ठेवायला वावच राहत नाही, मग माणसं कितीही काळजी घेणारी असोत. जिथे पटलं तिथे घेतलं, जिथे नाही तिथे पुढे चाललो.

दुपारचं आरक्षण इटलीच्या दालनातल्या 'व्हिया नापोली'त. तिथे लाकडावर चालणाऱ्या तीन भट्ट्या आहेत, त्यांना एटना, व्हेसुव्हियो आणि स्ट्रोंबोली या इटलीतल्या ज्वालामुखींची नावं दिली आहेत, आणि त्यांची तोंडं खरोखरच चेहऱ्यांसारखी घडवलेली आहेत. पिझ्झ्याची वाट बघताना लेकानं विचारलं, "गव्हानंच होतं हे पहिल्यांदा कोणाला कळलं?"

त्याचं उत्तर मला आवडतं. विलेम डिके नावाचे एक डच बालरोगतज्ज्ञ होते, हेगमधल्या रुग्णालयात काम करायचे. सीलिअ‍ॅकच्या मुलांना ब्रेड सोसत नसावा असा त्यांना दुसऱ्या महायुद्धाआधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भयानक दुष्काळ पडला, ब्रेड मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगले. बाकीची मुलं खंगत होती तेव्हा सीलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारत होती. ब्रेड पुन्हा मिळू लागला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी आपल्या प्रबंधात हे मांडलं. त्याआधी या आजाराची मुलं दगावतही असत. लेक ऐकत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मी त्या आधी जन्मलो असतो तर?" ताईनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. तेवढ्यात पिझ्झा आला.

इथेही आधी विचारून घेतलं होतं. ग्लुटेनमुक्त पिझ्झा त्याच्या स्वतःच्या थाळीवर भाजतात, पण भट्ट्यांच्या स्वयंपाकघरात गव्हाचं पीठ असतंच. डिस्ने स्वतःही सांगतं की अ‍ॅलर्जी-फ्रेंडली म्हणजे पूर्ण विलग स्वयंपाकघर नव्हे. त्यामुळे किती जोखीम घ्यायची हे ज्यानं त्यानं आपल्या प्रकृतीप्रमाणे ठरवायचं. डॉक्टरांशी बोलून आमच्या घरात काही रेषा आखलेल्या आहेत, आणि हा पिझ्झा त्या रेषेच्या आत बसत होता. ज्यांना कणभरानंही दिवसचे दिवस त्रास होतो त्यांनी इथे पिझ्झा सोडून दुसरं काही घ्यावं असं मी सांगेन.

फ्रान्सच्या बेकरीसमोर आमची खरी अडचण झाली. काचेमागे रंगीत मॅकरॉन मांडलेले. मॅकरॉन बदामाच्या पिठाचे, गव्हाचे नव्हेत, म्हणून लेकाला आशा वाटली. पण चहूबाजूंनी क्रॉसाँ आणि पाव, हवेत पीठ. भाचीला बदाम चालतो, पण हिरव्या मॅकरॉनमध्ये पिस्ता असतो आणि सगळे एकाच ट्रेमध्ये खेटून. या दोन मुलांना एकत्र खाऊ घालताना हेच सगळ्यांत अवघड जातं. गहू काढला की बेकरीवाले हमखास सुक्या मेव्याच्या पिठाकडे वळतात, आणि सुका मेवा काढला की पुष्कळदा कुकीत गहूच उरतो. एकाचा सुरक्षित खाऊ दुसरीच्या जिवावर बेतू शकतो. अशा वेळी दोघांना वेगवेगळं देण्यापेक्षा आम्ही दोघांना चालेल असं एकच शोधतो, वेळ लागला तरी. पलीकडच्या आइस्क्रीमच्या दुकानात सॉर्बे, म्हणजे फळांचं बिनदुधाचं आइस्क्रीम, होतं. काउंटरवरच्या मुलीला अ‍ॅलर्जी सांगितली तेव्हा तिनं हातमोजे बदलले, आतून न उघडलेला डबा आणि धुतलेला स्कूप आणला. आइस्क्रीमच्या कुठल्याही दुकानात एवढं मागायला संकोच वाटू देऊ नये. पाण्यात बुचकळलेला स्कूप पिस्त्याच्या डब्यातून थेट आंब्याच्या डब्यात जातो.

दोघं तळ्याच्या कठड्याला टेकून एकाच चवीचं सॉर्बे खात उभे राहिले.

गुरुवार: हॉलिवूड स्टुडिओज

दुपारपर्यंत पाऊस. 'गॅलेक्सीज एज'मध्ये, म्हणजे २०१९ साली उघडलेल्या स्टार वॉर्सच्या भागात, मुलांना निळं दूध प्यायचं होतं. ते गाईचं नसतं, नारळ आणि तांदळाच्या दुधाचं गोठवलेलं पेय आहे. नारळ पूर्वी अमेरिकेत सुक्या मेव्याच्या यादीत धरत असत. २०२५ च्या जानेवारीत अन्न व औषध प्रशासनानं तो त्या यादीतून काढला. भाचीच्या डॉक्टरांनी नारळ आधीच चालेल म्हणून सांगितलेलं होतं, म्हणून तिनं निर्धास्त प्यायलं. ज्यांना नारळाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी मात्र यापुढे घटकांची ओळ वाचावी, कारण 'सुका मेवा आहे' या इशाऱ्यात तो आता येईलच असं नाही.

गाड्यांवरची वेष्टनातली आइस्क्रीमं घेताना विक्रेत्याला वेष्टन दाखवा म्हणावं. आमच्या विक्रेत्यानं खोकंच पुढे केलं. बाकी दिवस राइड्सचा.

शुक्रवार: डिस्ने स्प्रिंग्ज आणि परत

विमान संध्याकाळचं. सकाळी डिस्ने स्प्रिंग्जला गेलो. ही दुकानांची आणि उपाहारगृहांची वस्ती आहे, पार्काचं तिकीट लागत नाही. इथे 'एरिन मकेनाज बेकरी एनवायसी' आहे. संपूर्ण बेकरी ग्लुटेनमुक्त आणि वीगन, म्हणजे दूध-अंडंही नाही. २००५ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली.

लेक काचेसमोर उभा राहिला. डोनट, कपकेक, कुकीज, दालचिनीचे रोल. "आई, यातलं कुठलं चालेल?"

"सगळं."

त्यानं परत एकदा विचारलं आणि मी परत तेच सांगितलं. मग तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेला, परत आला, परत गेला. मागे रांग होती. काउंटरवरची बाई म्हणाली, "सावकाश बघ, मला घाई नाही." रांगेत मागे एक आजोबा होते, तेही थांबायला तयार झाले. शेवटी त्यानं साखर लावलेला साधा डोनट निवडला, खरं तर सगळ्यांत साधा. तो म्हणे त्याच्या वर्गातली मुलं खातात तसा दिसत होता.

भाचीसाठी आम्ही वेगळे प्रश्न विचारले, कारण ग्लुटेन नाही म्हणजे सुका मेवा नाही असं होत नाही. कुठल्या पदार्थात काय आहे, आत काय काय हाताळलं जातं, हे त्यांनी एकेक करून सांगितलं. ते ऐकून ताईनं ठरवलं की भाचीनं इथलं काही खायचं नाही. भाचीनं ते मानलं. तिच्या पिशवीतला, सुपरमार्केटमधून आणलेला वेष्टनातला चॉकलेट बार तिनं काढला, आणि डोनट खाणाऱ्या भावाशेजारी बसून, हात पुसायचे कागद दोघांमध्ये ठेवून, खाल्ला. डोनट संपल्यावर लेकानं साबणानं हात धुतले आणि मगच तिच्या वस्तूंना हात लावला. हात निर्जंतुक करायच्या जेलनं जंतू मरतात, पण शेंगदाण्याचं प्रथिन जात नाही. ते साबण-पाण्यानं किंवा ओल्या पुसण्यानंच निघतं, आणि हे दोघांनाही पाठ आहे.

परतीसाठी आम्ही डोनट आणि रोल खोकं भरून घेतले. विमानतळावरच्या तपासणीत घट्ट खाणं नेता येतं. जेलचे पॅक मात्र तपासणीच्या वेळी पूर्ण गोठलेले हवेत, अर्धवट वितळले की द्रवाचा नियम लागतो. हॉटेलच्या फ्रीजरमधून ते निघताना काढले, टॉवेलात गुंडाळले, आणि खोकं पिशवीत सगळ्यांत वर ठेवलं. एपिनेफ्रिनचं पाकीट ताईच्या कंबरेला होतंच, आणि या वेळी विमानात जेवण चढलं असो वा नसो, डबे भरलेले होते.